पिरनवाडीत मी बाजू बदलली

आधीच सांगून ठेवते, कौतुक करणं हा माझा स्वभाव नाही. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, पण वहीवर ‘छान’ असा शेरा मी अगदी जपून लिहायचे. त्यामुळे बेळगावहून परत आल्यापासून मी तिथल्या चर्चच्या माणसांचं गुणगान करतेय म्हटल्यावर आमच्या बिल्डिंगमधल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं तर हळूच विचारलं, "बाई, तिकडं जाऊन तुम्ही काही... बदललात का?" म्हटलं, "हो, बदलले. बाजू बदलली. बस, चहा टाकते आणि सांगते." तेच आता इथं लिहितेय, म्हणजे प्रत्येकीला वेगळा चहा पाजावा लागणार नाही.

माझी धाकटी बहीण निर्मला. सत्तावीस वर्षांपूर्वी ती शिवणकाम शिकायला कोल्हापूरला गेली आणि बेळगावच्या विल्सनशी लग्न ठरवून मोकळी झाली. ख्रिस्ती मुलगा, लोखंड ओतायच्या फौंड्रीत कामाला. घरात जे व्हायचं ते झालं. लग्नाला आमच्याकडून कुत्रंसुद्धा गेलं नाही. गेलं ते एक पोस्टकार्ड. ‘तू आम्हाला मेलीस.’ वडिलांचा हात कापायचा म्हणून ते मी लिहिलं. माझं अक्षर अख्ख्या तालुक्यात नावाजलेलं होतं.

पुढं आई गेली, मग वडील गेले. दोन वर्षांपूर्वी मीच धीर करून निर्मलाला फोन लावला. तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी बोलायचो, पण कसं? तर ‘बरी आहे, तुम्ही बऱ्या आहात ना’ असं. लहानपणी माझ्या वेण्या ओढणारी ही पोरगी आता मला ‘तुम्ही’ म्हणत होती. जानेवारीत तिचा फोन आला, "अमोलचं लग्न आहे. जमलं तर या."

जमलं तर! मुलाची सख्खी मावशी मी. मी ठरवलं, जायचं, पहिल्या रांगेत बसायचं आणि बहिणीच्या घरातली आपली जागा परत मिळवायची. मिळेल की नाही, अशी शंकाही मला तेव्हा शिवली नाही.

निपाणी, बुधवार

साताऱ्याहून सकाळची बेळगाव गाडी मिळाली. एका पिशवीत नव्या सुनेसाठी साडी, ओटीचा नारळ आणि दोन किलो कंदी पेढे. निपाणी स्टँडवर कंडक्टर म्हणाला, "पाच मिनिटं." मी चहाला उतरले. त्या चहावाल्याला चहात साखर किती घालावी हे समजावण्यात माझी दहा गेली. मागं वळून बघते तो गाडी नाही! मी निपाणीत, पिशवी बेळगावच्या वाटेवर. कपाळावर हात मारला आणि निर्मलाला फोन लावून असा काही ओरडा केला की जणू पिशवी तिनंच पळवली होती.

ती शांतपणे म्हणाली, "तिकिटावर गाडीचा नंबर असेल तो सांगा. आणि तिथंच थांबा."

पंधरा मिनिटांत एक वयस्क बाई छत्री टेकत, गुडघे चोळत आल्या. "निर्मलाच्या आक्का न्हवं तुम्ही? चला घरला. पिशवी संकेश्वरात उतरतीया."

"पिशवी एकटी कशी उतरेल?"

"आमच्यातलं एक मास्तर हाईत तिथं. ते गाडीत चढून काढून घेत्यात. बेळगावासनं फोन फिरलाय."

या एस्तेरबाई. निपाणीच्या दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. एकाला अडचण आली की फोन कसा फिरवायचा हे त्यांच्या मंडळीत ठरलेलं आहे. मंडळी म्हणजे चर्चमधली माणसं. एकानं दोघांना कळवायचं, ज्याचं घर जवळ असेल त्यानं चप्पल घालायची. कोण कुणाचं, पिशवी कुणाची, असल्या चौकशा नंतर. आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याची मोटर बंद पडली तर ग्रुपवर आधी तीस माणसं हात जोडल्याची चित्रं टाकतात आणि मोटर संध्याकाळपर्यंत तशीच. म्हणून मला हे विशेष वाटलं.

गावाला तंबाखूचा वास. मी शिंकत शिंकत एस्तेरबाईंच्या घरी पोचले. त्यांनी ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तिला तिकडं पुंडी म्हणतात, शेंगाचटणी आणि घट्ट दही. मला कडकडून भूक लागलेली. मी चतकोर भाकरी संपवून वर बघते तर बाई डोळे मिटून, हात जोडून प्रार्थना म्हणतायत. माझा घास तोंडातच राहिला. त्यांनी एक डोळा उघडला आणि म्हणाल्या, "चालू द्या. भूक देवानंच दिल्याली हाय."

लग्नाला परवा निघायचं ते आजच निघते म्हणून त्याही माझ्याबरोबर आल्या. मला एकटीला सोडायला त्यांचा जीव होईना, हे खरं कारण. तवंदीचा घाट उतरल्यावर दोन्ही बाजूंना ऊस. उसाचे ट्रॅक्टर रस्ताभर, आणि संकेश्वर जवळ आलं तसा कारखान्याच्या मळीचा आंबूस वास. स्टँडवर मास्तर माझी पिशवी पोटाशी धरून उभे होते. मी पुडा हातानं जोखून पाहिला. मास्तर हसायला लागले, "पेढ्याचा वास येत हुता बाई, पर हात न्हाय लावला." मला ओशाळल्यासारखं झालं. अर्धा डझन पेढे त्यांच्या हातावर ठेवले तेव्हा बरं वाटलं.

पिरनवाडी, गुरुवार

बेळगावच्या पश्चिमेला ही वस्ती. नवी घरं, अर्धी बांधलेली घरं, मधे एखादं भाताचं खाचर उरलेलं. निर्मलाचं घर तीन खोल्यांचं, दारात शेवगा. बुधवारी संध्याकाळी मी पोचले तेव्हा ती दारात आली. केस पिकलेत, हसताना आईसारखी दिसते. "या, बसा. प्रवास बरा झाला?" पाणी दिलं, चहा दिला. मिठी नाही की पाठीवर हात नाही. न्हाणीघरात माझ्यासाठी नवा टॉवेल आणि नवा साबण ठेवलेला. सख्ख्या बहिणीला कुणी नवा टॉवेल देतं का? तो पाहुण्यांना देतात. त्या टॉवेलनं तोंड पुसताना मला रडू आलं, आणि रडूही त्यातच पुसलं.

विल्सन मात्र गप्पिष्ट. त्याच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा व्रण आहे. उद्यमबाग म्हणजे तिथली कारखान्यांची वसाहत. तिथल्या फौंड्रीत तो साचे भरायचा, तेव्हाचा. मी विचारलं तर म्हणाला, "अमोल तवा पाळण्यात हुता. मी दवाखान्यात, निर्मला एकटी. मग मंडळीनं शिफ्ट लावली की."

"कसली शिफ्ट?"

"फौंड्रीत असतीया तशी. आमच्यातली निम्मी माणसं उद्यमबागेतलीच. पैल्या शिफ्टवाला सुटला की दवाखान्यात, दुसऱ्याचा सुटला की त्यो. चर्चच्या फळ्यावर नावं लिवल्याली. एक दिवस बी खाटंशेजारचं स्टूल मोकळं न्हाय ऱ्हायलं बघा."

मी त्या वेळी साताऱ्यात काय करत होते, हे आठवायचा प्रयत्न केला. बहुतेक वह्या तपासत असेन.

दुपारी निर्मलाबरोबर चर्चवर गेले. पिवळ्या रंगाची, कौलारू, आमच्या शाळेच्या दोन वर्गांएवढी इमारत. मागच्या अंगणात तीन चुली पेटलेल्या आणि बायका शेंगापोळ्या लाटत बसलेल्या. दाण्याचा कूट, गूळ आणि वेलदोडा भरलेली ही पोळी तुम्ही खाल्ली नसेल तर बेळगावला जाण्याला तेवढं एकच कारण पुरे. एका कोपऱ्यात कुणी बाह्या सारून भलंमोठं पातेलं घासत होता. मी त्याला म्हटलं, "बुडाला काळं राहिलंय, नीट घासा." त्यानं ‘व्हय बाई’ म्हणून परत घासायला घेतलं. नंतर कळलं, ते पाळकसाहेब होते. म्हणजे तिथले पुजारी म्हणा, गुरू म्हणा, तेच. निर्मलानं पदर तोंडाला लावला. ती हसली असावी, पण माझ्याकडं बघून नव्हे.

चुलींवर हुकूम होता मार्थाक्कांचा. ठेंगण्या, जाड, आवाज खणखणीत. "ए पोरी, दुपारची गोळी घेतलीस का न्हाय? का मी येऊ मागं?" हे निर्मलाला! आणि पन्नाशीची निर्मला शाळेतल्या मुलीसारखी गोळी घ्यायला पळाली. मला राग आला. माझ्या बहिणीला दटावणारी ही कोण?

मी सरळ विचारलं, "तुम्ही निर्मलाच्या कोण?"

लाटणी थांबली. मार्थाक्कांनी हाताचं पीठ झटकलं. "मी? मी तिचं म्हायेर."

मग लाटता लाटता त्यांनीच सांगितलं. या चर्चमध्ये एक रीत आहे. लग्नाच्या वेळी पाळकसाहेब विचारतात, वधूच्या बाजूनं कोण उभं आहे? आईबाप असले तर ते उभे राहतात. कुणीच नसलं, तर मंडळीतलं कुणीतरी उभं राहायचं. आणि एकदा उभं राहिलं की ते जन्मभराचं. बाळंतपण, आजारपण, सणाची साडी, जावयाची कानउघाडणी, सगळं त्या माणसानं बघायचं. निर्मलाच्या लग्नात मार्थाक्का उभ्या राहिल्या. तेव्हा त्या स्वतः पंचविशीच्या, कडेवर मूल. अमोलच्या वेळचं बाळंतपण त्यांनीच केलं.

"आधी ठरवून ठेवता का, कोण उभं राहणार ते?"

"छे! ठरवलं की ते नुस्तं काम हुतंय. तवाच्या तवा मनात यायला पायजे."

"आणि कुणाच्याच मनात नाही आलं तर?"

"आजवर कोण एकटी न्हाय ऱ्हायली."

मी पोळी लाटायला घेतली. ती फाटली. सत्तावीस वर्षं दुसरीनं निस्तरलं होतं आणि मी आयत्या बिळावर नागोबा व्हायला आले होते. तिथं बसायला कुठं जागाच उरली नव्हती.

तेवढ्यात सुवर्णा आली. हीच आमची नवी सून. वडगावच्या विणकरांची मुलगी, घरात साड्यांचे माग. अमोल आणि ती उद्यमबागेत एकाच ऑफिसात. कायद्याचं लग्न सरकारी कचेरीत झालं होतं, शनिवारी चर्चमध्ये आशीर्वादाची उपासना होती. घरच्यांनी तोंड फिरवलेलं, ती हॉस्टेलवर राहत होती. मी पाळकसाहेबांना तिथंच टोकलं, "पोरीचं नाव, देव बदलायला लावणार का?" ते पातेलं पालथं घालून म्हणाले, "तिचा देव तिला ठावं. आणि नाव कशाला बदलू? सोन्याचं नाव बदलून काय पितळ ठेवू?" या माणसाला पातेलं पुन्हा घासायला लावलं याचं मला वाईट वाटलं.

सुवर्णानं माझ्या पाया पडून विचारलं, "मावशी, तुम्ही शिक्षिका ना? आप्पा शिक्षकांचं ऐकतात. ते शनिवारी येतील असं मला अजून वाटतंय."

एवढंच पाहिजे होतं मला. "येतील म्हणजे काय! मी आणते. छत्तीस वर्षं पालकसभा घेतल्यात मी."

वडगाव, शुक्रवार

मार्थाक्कांना घेऊन रिक्षानं गेले. वडगावच्या गल्लीत शिरलं की आधी कान बंद होतात. घराघरातून मागांचा खटखटाट. सुवर्णाचे आप्पा साठीचे, अंगात बनियन, कानावर सुताचा धागा. सज्जन माणूस. माग बंद केला, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मागावरची साडी दाखवली. हिरवी, लाल काठाची. मी काठावरून हात फिरवला आणि सुरू झाले. मुलं मोठी झाली, जग बदललं, अहंकार सोडा, पोटचं लेकरू आहे. चांगलं वीस मिनिटं बोलले. माझं मलाच पटलं.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, एक विचारू? तुमच्या घरात झालं असतं हे, तर तुम्ही गेला असता लग्नाला?"

मार्थाक्का शेजारीच बसल्या होत्या. त्यांना एका वाक्यात माझा निकाल लावता आला असता. त्या चहाच्या कपात बघत राहिल्या.

आप्पा म्हणाले, "आमच्यापुरती ती मेली."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला गेले होते, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ असं समोर आलं. मी म्हटलं, "आप्पा, हे वाक्य माझं आहे. माझ्या बहिणीला मी लिहिलं होतं. सगळ्यांना सांगते की वडिलांनी सांगितलं म्हणून लिहिलं. खोटं आहे ते. वडील एवढंच म्हणाले होते, ‘आम्हाला यायला जमणार नाही असं कळव.’ मेलीस हे माझ्या मनचं. राग माझा होता. तिनं मला न विचारता ठरवलं याचा राग." हे मी आजवर नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि एका परक्या घरात मागाशेजारी बसून सांगितलं. "तुम्ही लग्नाला नका येऊ हवं तर. पण ते वाक्य परत घ्या. ते फार वर्षं पुरतं."

आप्पांनी कानावरचा धागा काढून बोटाला गुंडाळला. मग उठले आणि माग सुरू केला. म्हणजे आम्ही निघायचं.

दाराशी आतून सुवर्णाची आई आली. नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "तिला सांगा, डोकं धुतल्यावर ओल्या केसानं बाहेर पडू नको म्हणावं. सर्दी हुतीया तिला." तेवढं बोलून आत गेली.

रिक्षात मी मार्थाक्कांना विचारलं, "तुम्हाला ते कार्ड माहीत होतं?"

"व्हय. लग्नाच्या दिवशीच आलतं. मीच वाचलं तिला."

"मग तुम्ही काल मला हाकलून का नाही दिलं?"

"तुम्ही आलता न्हवं? न येणाऱ्याला काय हाकलायचं, आणि येणाऱ्याला कशाला?" असं म्हणून त्यांनी रिक्षावाल्याला कन्नडमध्ये खड्डे सांभाळून चालवायला सांगितलं. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती, आणि इतकं हलकंही.

सुवर्णाला मी खरं ते सांगितलं, आप्पा येणार नाहीत. आईचा निरोपही सांगितला. तिनं लगेच केसांना हात लावून पाहिला. केस ओलेच होते.

पिरनवाडी, शनिवार

चर्चच्या पायरीवर मी सवयीनं चप्पल काढली. आत गेल्यावर बघते तर सगळ्यांच्या पायांत चपला-बूट, अनवाणी मी एकटी. आता परत कोण जाणार? पहिल्या रांगेत, उजवीकडं, मुलाकडच्या बाजूला बसले. निर्मला माझ्या शेजारी, मोरपंखी साडीत. आमच्या मधे अजून एका माणसाची जागा रिकामी.

डावीकडची मुलीची बाजू रिकामी दिसेल असं मला वाटलं होतं. तर ती गच्च भरलेली! फौंड्रीतली माणसं, त्यांच्या बायका, संकेश्वरचे मास्तर, पहिल्या बाकावर एस्तेरबाई. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आले तसे तिकडं जाऊन बसले. पेटी-तबल्यावर गाणं सुरू झालं. एक कडवं मराठी, एक कन्नड. ज्या भाषांवरून या भागात दुकानांच्या पाट्या उतरतात त्या दोन भाषा इथं एकाच चालीत बसल्या होत्या. पण गाणं फार लांबलं, हे मला नमूद केलंच पाहिजे. सात कडवी होती. मी मोजली.

मग दारात सुवर्णा. पांढरी साडी, केसात अबोली. चालत आली ती एकटीच, दोन्ही हातांत फुलं घट्ट धरून. मधेच तिनं मान वळवून दाराकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं.

पाळकसाहेबांनी विचारलं, "सुवर्णाच्या बाजूनं कोण उभं आहे?"

मला सत्तावीस वर्षांपूर्वीची निर्मला दिसली. असंच उभं राहून तिनंही दाराकडं बघितलं असेल. आणि दारातून काय आलं, तर माझं कार्ड. पलीकडं एस्तेरबाई बाकाला धरून उठायला लागल्या होत्या, मास्तरांची बायकोही हललेली दिसली. पण एस्तेरबाईंच्या गुडघ्यांनी उशीर केला आणि मी उभी राहिले. खरं सांगते, ठरवलं नव्हतं. पाय आधी उठले, मी मागून.

"मी आहे," म्हटलं.

पाळकसाहेब गोंधळले. "बाई, तुम्ही मुलाकडच्या न्हवं? मुलाकडच्याला उभं ऱ्हाता येत न्हाय. मुलाच्या आईनं सोडलं तर गोष्ट येगळी." आणि त्यांनी निर्मलाकडं बघितलं. सगळ्या चर्चनं निर्मलाकडं बघितलं.

माझी जागा परत द्यायची की नाही, हे ती सगळ्यांसमोर सांगणार होती.

"सोडली," निर्मला म्हणाली. "ती एकदा उभी ऱ्हायली की बसत न्हाय, पाळकसाहेब. लहानपणापासनं बघत आले. जाऊ द्या तिला तिकडं."

चर्चमध्ये हशा पिकला. मी अनवाणी पायांनी मधली वाट ओलांडून डावीकडं गेले आणि सुवर्णाचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. तिनं माझी बोटं इतकी आवळली की अंगठी रुतली. पुढचं प्रवचन मोठं होतं. एरवी मी घड्याळ बघितलं असतं.

शेवटी सह्या. आतल्या खोलीत चर्चची मोठी वही उघडून ठेवलेली. ‘वधूतर्फे’ असा रकाना. मी पेन घेतलं, सावकाश नाव लिहिलं, खाली लिहिलं, ‘माहेर, सातारा’. काना, मात्रा, वेलांटी सगळं जागच्या जागी. निर्मला मुलाकडची सही करायला शेजारी उभी होती. ती वहीवर वाकली आणि बराच वेळ वाचत राहिली. दोन ओळी वाचायला एवढा वेळ लागत नाही.

"अक्षर अजून तसंच आहे गं तुझं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "निमा, चुकलं माझं." दुसरं काही सुचलं नाही. इतकी वर्षं भाषा शिकवली, पण तेवढंच सुचलं.

बाहेर मार्थाक्कांचा आवाज घुमला, "अगं, विहिणी-विहिणींची भेट हुयाची हाय की न्हाय? पोळ्या गार व्हायल्यात!" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मुलीची आई झाले, म्हणजे माझी धाकटी बहीण माझी विहीण झाली! आणि विहिणींनी दारात गळाभेट घ्यायची, ही रीत त्यांच्यातही आहे आणि आपल्यातही. आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो. निर्मला म्हणाली, "आता मान पायजे असेल तुला विहिणीचा." आणि माझ्या गळ्यात पडून ती जी रडली, जी रडली! माझा खांदा भिजला. मी पण रडले, सगळ्यांदेखत. मार्थाक्का आम्हा दोघींच्या पाठी थोपटत होत्या, पिठाच्या हातानं. माझ्या नव्या साडीवर त्यांची पाची बोटं उमटली. ती साडी मी अजून धुतलेली नाही.

पंक्तीत शेंगापोळ्या सहा खाल्ल्या. या वेळी प्रार्थना संपेपर्यंत थांबले.

तर मी असं कौतुक करते. त्यांची गाणी लांब आहेत, चहा अति गोड आहे, आणि प्रवचनात तीच गोष्ट तीनदा सांगतात. पण कुणी एकटं दिसलं की तिथं माणसं उभी राहतात, आणि मग बसत नाहीत. हे मला छत्तीस वर्षांत कुणाला शिकवता आलं नाही. वहीवर लिहायचं झालं तर मी ‘छान’ लिहीन, आणि खाली रेघ ओढीन.

परवा पोस्टात जाऊन एक कार्ड आणलं. सुवर्णाला फोन रोज होतो, पण हे हातानंच लिहायचं होतं. टेबल पुसलं, चष्मा लावला आणि चांगल्या अक्षरात लिहिलं: ‘पंचमीला माहेरी ये. केस वाळवून नीघ. आणि येताना सासूलाही घेऊन ये, तिचंही माहेर हेच आहे.’